मालकानं गोऱ्ह्यासमोर राहू नये

उकंडराव गोऱ्हे ठेचे. मोताळ्यापासून नांदुऱ्यापर्यंतच्या पंचवीस-तीस गावांत त्याच्यासारखा ठेचणारा दुसरा नव्हता. हे मी महाराष्ट्र झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सालचं सांगून राह्यलो. तवा त्याची उमर असंन चाळीस, अन् आमची अठरा-एकोणीस.

गोऱ्हा तीन सालाचा झाला, त्याचं वशिंड भरलं, तो गाईमांगं पळाले लागला, का मंग त्याले वखराले जुपायच्या आधी त्याचा मर्दपणा काढून घ्या लागे. त्यासाठी उकंडराव. दोर टाकून तो गोऱ्ह्याले असा पाडे, का धप्पकन आवाज येई अन् पोटातली हवा तोंडातून निघून जाई. चारी पाय बांधले, की दोघं जण काठीनं मागचे पाय दाबून धरत. एक जण मुंडकं धरे. अंडाच्या वरची शीर बोटानं चाचपून तो सपाट गोट्यावर घेई, अन् बाभळीच्या मोगरीनं ठेचे. दोन बाजूच्या दोन शिरा. एका शिरेले दोन फटके, तिसरा लागला त मनातल्या मनात स्वतःलेच शिव्या दे. गोऱ्ह्याचे डोळे बाहीर येत, जीभ दातात सापडून रक्त निघे. उकंडराव उठून धोतराले हात पुसे अन् चिलीम मागे.

ह्या कामाचा एक नेम होता. तो उकंडरावनं केलेला नव्हता, त्याच्या आज्याच्याही आधीचा होता. ज्यानं गोऱ्हा वाढवला, त्यानं त्याच्यासमोर राहू नये. मालकानं बांधाच्या पल्याड जावं, पाठ करून बसावं, खोकलूबी नये. सारं झालं, का मंग मालकानं यावं, दोर सोडावे, हळद-तेल लावावं, गूळ चारावा. म्हणजे गोऱ्ह्याले वाटे, मारणारे दुसरे होते, सोडवणारा हाच हाय. जनावर लय ध्यान ठेवते. माणसापेक्षा जास्त.

आम्ही तिघं उकंडरावच्या मांगं मांगं फिरो. मी निवृत्ती, मोतीराम, अन् सहदेव. त्या उमरीत पोट्ट्याले एक माणूस लागते, ज्याच्यासारखं चालून पाहावं. माहा बाप नारायणराव भला माणूस, पण पोलीस पाटलासमोर टोपी काढून हातात धरे, अन् मले मान खाली घाला लागे. मोतीरामचा बाप दिवसभर खाटेवर खोकले. सहदेवाले त बापच नव्हता. सहदेव आठ सालाचा असतानाच तो पानलागण होऊन मेला होता. साप चावला, असं आमच्यात म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नांदुऱ्याले जाऊन आम्ही तंबूतला सिनेमा पाह्यला, त तथचा हिरो झाडाभोवती गाणं म्हणे. मोतीराम म्हणे, "ह्याच्या हाती कासरा द्या बे, बैलच ह्याले वखराले जुपतीन."

उकंडराव गाणं म्हणे नाही. तो लय बोलेच नाही. जे बोले ते आम्ही पाठ करो. "मर्दानं कासरा सोडू नये. हात तुटला तरी." असं म्हणून तो कासऱ्याचे तीन वेढे मनगटाले मारे. मंग आम्हीबी तीन वेढे मारो. त्याच्यासारखं आम्ही डाव्या पायावर जोर देऊन चालो. त्याच्या डाव्या पायाले लहानपणी गाडीचं चाक लागलं होतं, हे आम्हाले लय दिवसांनी समजलं.

एकदा आम्ही त्याच्या घरी जेवाले बसलो होतो. त्याची बायको शालूबाई पिठलं वाढून राह्यली होती. पिठल्यात मीठ नव्हतं. उकंडरावनं एक घास खाल्ला, तांब्या उचलला अन् बसल्या जाग्यावरून तिच्या कपायावर हाणला. भुवई फुटली. रक्ताचे थेंब टपटप त्याच्याच ताटात पडले, पिठल्यात. तिनं पदर कपायाले लावला अन् आत जाऊन मीठ आणलं. त्यानं मीठ घेतलं, ते पिठलं कालवलं, अन् भाकरीसंगं खाऊन टाकलं.

आम्ही तिघांनी एकमेकाकडं पाह्यलं. तोंडानं कोणी बोललं नाही, पण डोळ्यांत एकच गोष्ट होती. काय माणूस हाय!

त्या साली मोतीरामचं लग्न झालं होतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं बायकोले, पुष्पाले, काही कारण नसताना काठीनं मारलं. दुसऱ्या दिवशी आम्हाले सांगताना तो जरा जास्तच हासे. माह्यं लग्न व्हायचं होतं. पण पह्यली चापट कोणत्या दिवशी मारायची, ते म्या ठरवून ठेवलं होतं.

मंग वामनराव डाक्टर आले. जिल्हा परिषद नवीनच झाली होती, अन् तिनं मोताळ्याच्या बाजारात गुरांचा डाक्टर बसवला होता. सडपातळ माणूस, चष्मा, पायात मोजे. त्याच्याजवळ एक लोखंडी चिमटा होता, हातभर लांब. गोऱ्ह्याची शीर चिमट्यात धरायची, दाबायची, मोजून थोडा वेळ थांबायचं, सोडून द्यायचं. कातडं फुटत नसे, रक्त नसे, पैसा नसे.

उकंडराव आम्हाले घेऊन पाहाले गेला. वीस-पंचवीस लोकं गोऱ्हे धरून रांगेत उभे होते. त्यातले अर्धे त्याच्या ओळखीचे.

"ओ डाक्टर," उकंडराव म्हणे, "हा कायचा अडकित्ता घेऊन बसले? सुपारी कातरता का?"

लोकं हासले. डाक्टरही हासले. "तुम्हीच का उकंडराव? नाव ऐकलंय तुमचं. या ना, जवळून बघा. दोन मिनिटांत होतं."

"दोन मिन्टात? मंग त्या गोऱ्ह्याले कळते कसं, का आपलं काय गेलं म्हणून?"

डाक्टरांनी चिमटा फडक्यानं पुसला. "त्याला कळायची काय गरज आहे?"

ह्या वेळी लोकं पह्यलेपेक्षा जोरात हासले. पण कोणावर हासले, ते उकंडरावले समजलं. वापस येताना चार कोस तो आमच्या पुढं पुढंच चालला. त्या हिवाळ्यात त्याले बोलावणारे निम्मे झाले. पह्यले त्याच्यासाठी गोऱ्हेवाले गाडी पाठवत, आता तोच पारावर बसून वाट पाहे. त्याचे म्हणून आम्ही तिघंच उरलो होतो.

सहदेवाचा गोऱ्हा चितऱ्या तेव्हाच तीन सालाचा झाला. चितऱ्याची माय त्याले जनम देतानाच मेली होती. सहदेवानं त्याले जवारीच्या कण्यांची पेज कापडाच्या बोळ्यानं पाजून वाढवलं. भूक लागली का चितऱ्या एक वेगळाच हंबरे, लांब अन् शेवटी तुटका, अन् तो आवाज फक्त सहदेवासाठी असे. गावात दुसऱ्या कोणासाठी तो असा हंबरला नाही.

सहदेवाची माय जनकाबाई म्हणे, "बाबू, येत्या बाजारी चितऱ्याले मोताळ्याले घेऊन जाय. तो डाक्टर नीट करते म्हणतात."

"डाक्टर बायकाईचे गोऱ्हे करते, माय."

"मंग आपल्या घरी दुसरं कोण हाय रे? मी बाईच हावो ना?" असं म्हणून ती आमच्यासमोर हासली. सहदेव हासला नाही. त्याचं तोंड उतरलं. त्याले तिथंच लागलं होतं.

हे त्यानं पारावर उकंडरावले सांगितलं. उकंडराव चिलीम ओढत होता. ती बाजूले ठेवून म्हणे, "चितऱ्या तुनं वाढवला ना?"

"हाव, भाऊ."

"मंग तूच ठेच."

मोतीराम भेत भेत म्हणे, "पण भाऊ, नेम हाय ना. मालकानं समोर..."

"नेम बायकाईसाठी हाय. ज्याले डोयात डोये घालून मारता येत नाही, तो कायचा मर्द बे?" अन् त्यानं कधी कोणाच्या हाती न देल्लेली मोगरी सहदेवाच्या मांडीवर ठेवली.

मी आज सांगतो, उकंडरावले नेम माहीत होता, आमच्याहून चांगला. पण त्याले डाक्टरापेक्षा मोठं काही तरी गावाले दाखवायचं होतं. सहदेवाले त काहीच सुचून नव्हतं राह्यलं. तो मोगरीवरून हात फिरवून राह्यला होता.

आठ दिवसांनी सकाळी, जनकाबाईच्या वावरात, सारं गाव बांधावर जमा झालं. मालकच ठेचणार म्हणून लोकं मुद्दाम आले. डाक्टराकून गोऱ्हे करून आणलेले पाच-सहा जणही होते. उकंडरावनं चितऱ्याले पाडलं. मोतीरामनं मुंडकं धरलं, मी मागच्या पायावर काठी दाबली. उकंडरावनं मोतीरामले सांगितलं, "मुंडकं इकडं फिरव. त्याले पाहू दे, कोण हाय त."

सहदेव गोट्यापाशी बसला. पह्यल्या शिरेवर दोन फटके बरोबर बसले. चितऱ्याच्या अंगातून असा झटका निघाला, का माही काठी हातातून उडता उडता वाचली. लोकं म्हणे, "वारे पठ्ठ्या!" सहदेवाचं कपाय घामानं चमकून राह्यलं होतं.

दुसरी शीर उकंडरावनं गोट्यावर धरून देल्ली. सहदेवानं मोगरी वर नेली, अन् तेवढ्यात चितऱ्या हंबरला. मार खाल्लेलं जनावर ओरडते तसा नाही. लांब अन् शेवटी तुटका, पेज मागायचा तो आवाज.

मोगरी खाली आली, पण तिच्यात हात नव्हता. गोट्याच्या कडेवरून ती घसरली. शीर बाजूले सरकली, ते म्या हातभर अंतरावरून पाह्यलं. दुसरा फटका मातीत बसला.

उकंडराव वाकला, बोटांनी चाचपलं. त्याचे बोटं थांबले. त्यानं मान वर करून बांधावरच्या लोकाईकडं पाह्यलं. सारे त्याच्याकडंच पाहून राह्यले होते. "पुन्हा" एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं, त चेला फेल झाला असता अन् गुरूबी.

तो उभा राह्यला. "झालं! मर्दाचं काम झालं!" म्हणे, अन् सहदेवाच्या पाठीवर थाप मारली.

सहदेव गूळ घेऊन चितऱ्याच्या तोंडापाशी गेला. चितऱ्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूनं गेला, तिकडूनही फिरवलं. शेवटी तो गूळ आम्हीच खाल्ला.

चार महिने गेले. चितऱ्याची एक बाजू सुकली, दुसरी तशीच राह्यली. सहदेवानं विहिरीवर उकंडरावले विचारलं, मी तथीच होतो.

"भाऊ, एक बाजू उतरली नाही."

"सूज हाय."

"चार महिने सूज?"

"फटका जोराचा बसला तुहा. अन् डाक्टराले दाखवाले जाशीन त सारं गाव म्हणन, सहदेवाचा हात बायकी. जाय दाखव."

सहदेव कायले जाते? तो माह्याकडं पाहून हासला. "पाय बे निवृत्ती, फटकाच तसा बसला."

मी म्हटलं, "हाव." शीर सरकताना म्या पाह्यली होती, मोगरी मातीत बसताना पाह्यली होती, अन् तरी म्या एवढंच म्हटलं. उकंडरावनं सांगितलं तेच खरं, असं मले वाटा लागे.

चैतात सहदेव वखर हाणत होता. मी बाजूच्या वावरात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचे खुंट काढून राह्यलो होतो. दुपारच्या सुमाराले बांधावरून कोणाची तरी माजावर आलेली गाय चालली. चितऱ्यानं मान वर केली, नाक फुगवलं अन् झटक्यात जू मोडलं. वखर उलटा झाला. सहदेवाच्या मनगटाले कासऱ्याचे तीन वेढे होते.

चितऱ्या त्याले ओढत पळाला. पऱ्हाटीचे खुंट म्हणजे सुरेच ते. छाती, मांड्या, तोंड, सारं फाटत गेलं. मी ओरडत मांगं धावलो, "सोड बे! सहद्या, कासरा सोड!" त्याच्यानं सुटेना का त्यानं सोडला नाही, हे मले आजवर सांगता येत नाही. बांधापाशी तो अडकला, अन् कासरा ताणला गेला. चितऱ्या मांगं वळला. त्यानं सहदेवाकडं पाह्यलं. गाय पुढं निघून चालली होती, पण तो गाईमांगं गेला नाही. खाली मान घालून तो सहदेवावर आला. पह्यलं शिंग जांघेत गेलं. मंग पोटात. त्यानं त्याले उचलून आपटलं अन् पुन्हा पोटात शिंग घातलं, अन् तसंच जमिनीवर घासत नेलं.

उकंडराव कुठून आला माहीत नाही. त्याच्या हाती काहीच नव्हतं. खोटं सांगत नाही, तो भ्यायला नाही. रक्तानं भरलेल्या शिंगांच्या मधात तो घुसला, वेसण धरली, पिरगाळली, अन् आपल्या साऱ्या वजनानं चितऱ्याले गुडघ्यावर आणलं. असा माणूस म्या पुन्हा पाह्यला नाही. चितऱ्याचे पाय बांधून झाल्यावर उकंडरावचा हात त्याच्या मागच्या पायांच्या मधात गेला, अन् राह्यलेल्या अंडावर थांबला. त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्या खाली पाह्यलं.

कासरा विळ्यानं कापा लागला. सहदेवाचा पंजा काळानिळा पडला होता. पोट धोतरानं बांधून त्याले गाडीत टाकलं. मोताळा दीड कोस राह्यला होता, तवा त्यानं डोळे उघडले.

"निवृत्ती, कासरा सोडला नाही ना म्या?"

"नाही बे."

"भाऊले सांग."

मोताळ्याच्या अलीकडं तो मेला.

राख सावडली त्याच दिवशी जनकाबाई उकंडरावच्या अंगणात आली. मांगं आम्ही, अन् अर्धं गाव. उकंडराव ओट्यावर बसला होता. लोकं म्हणून राह्यले होते, नशीब, जनावरच खुनशी, कसाबाले देऊन टाका. तिनं कोणाचं ऐकलं नाही.

"उकंडराव, माह्या घरचा गोऱ्हा ठेचला होता ना?"

उकंडरावनं हातातली चिलीम खाली ठेवली.

"ठेचलेला बैल गाईमांगं पळते काऊन?"

मले वाटलं, आता हा म्हणन, सूज.

"एक बाजू राह्यली होती, जनकाबाई," उकंडराव म्हणे. "मले त्याच दिवशी माहीत झालं होतं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"लोकं पाहून राह्यले होते."

जनकाबाई एक पाऊल ओट्याजवळ आली. मंग म्हणे, "मोगरी कुठी हाय?"

उकंडराव उठला नाही. शालूबाई आत गेली, मोगरी घेऊन आली अन् जनकाबाईच्या हाती देल्ली. भुवईवरचा वण पदरानं झाकून ती दाराच्या बाजूले उभी राह्यली.

उकंडरावनं उजवा पंजा ओट्याच्या दगडावर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं.

पह्यला फटका बोटांवर बसला. हाडं वाजले. आम्ही सारे मर्द अंगणात उभे होतो, एकानंही तिचा हात धरला नाही. अन् मी खरं सांगतो, सहदेव मेला होता, तरी मी अन् मोतीराम एकच गोष्ट पाहून राह्यलो होतो, का उकंडराव ओरडते का नाही. तो ओरडला नाही. तवाही आमची छाती फुगली.

दुसरा फटका मनगटावर बसला, अन् तो ओरडला. "मायवं! मायवं वो!" लहान पोट्टं ओरडते तसा, नाकातून शेंबूड, डोळ्यांतून पाणी. धोतर ओलं झालं. तिसऱ्या फटक्याले तो ओट्यावरून खाली पडला. मोतीराम माह्या बाजूनं निघून गेला, अन् पुन्हा कधी त्याच्या अंगणात आला नाही. त्याले सहदेवाच्या मरणापेक्षा ते ओरडणं जास्त लागलं, असं मले वाटते.

मोगरी जनकाबाई घेऊन गेली. पुढं लय वरसं तिनं तिच्यानं तुरी बडवल्या. पोलीस पाटील आला त उकंडराव म्हणे, गाडीखाली हात आला.

पंजा जुळला, पण कोंबड्याच्या पायासारखा. पह्यलं काम त्यानं काय केलं असंन, त डाव्या हातानं चितऱ्याले धरून मोताळ्याले नेलं. डाक्टरांनी राह्यलेली बाजू चिमट्यानं केली. डाक्टर त्याले काही बोलले नाहीत, बसाले पोतं देल्लं. चितऱ्या जनकाबाईच्या वावरात नऊ वरसं राबला. वखर मीच हाणो. कासरा हातात धरो, गुंडाळो नाही.

माह्यं लग्न झालं. बायको कौशल्या. ठरवलेली चापट म्या मारली, अन् आणिक एकदा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तवा ती भाकर थापता थापता म्हणे, "जनकाकाकूकून मोगरी आणू का?" हात वरच राह्यला. खाली कसा घ्यावा, हे मले कोणी शिकवलं नव्हतं. मंग त्याच हातानं म्या डोकं खाजवलं.

उकंडराव दर बाजारी डाक्टराच्या निंबाखाली बसे. कोणी बोलावलं नव्हतं. आलेल्या गोऱ्ह्याले दोर कसा टाकावा, कुठून पाडावं, की बरगडी दुखत नाही, हे तो बसल्या बसल्या सांगे. नवे पोट्टे त्याले ओळखत नसत. एक जण म्हणे, "हा थोटा कोण हाय बे, लय हुकूम सोडते?"

चार-पाच वरसांनी मी माहा गोऱ्हा घेऊन गेलो. गोऱ्ह्याले पाडलं, डाक्टरांनी चिमटा उचलला. मी मुंडक्यापाशी उभा होतो.

"कोणाचा हाय हा?" उकंडराव म्हणे.

"माहाच, भाऊ. घरचा."

"मंग तथी काऊन उभा? जाय, त्या भिंतीच्या पल्याड जाय. पाठ कर. खोकलू नको."

मी गेलो. भिंतीले पाठ लावून बसलो. मांगून गोऱ्ह्याचा एक आवाज आला, मंग काहीच नाही. थोड्या वेळानं उकंडरावनं हाक मारली.

"ये आता. गूळ आणला का?"